गाडी अधूनमधून का बंद पडते?

कायमची बंद पडलेली गाडी मिस्त्रीच्या दृष्टीने सोपी असते. सेल्फ मारला, चालू झाली नाही, की शोधायला लागायचे; दोष समोरच असतो. डोकेदुखी होते ती चालता चालता बंद पडणाऱ्या आणि दहा मिनिटांनी जणू काही घडलेच नाही अशी पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीची. वर्गात असे एखादे मूल असते. पहिल्या तासाला पोटात दुखते म्हणून रडते आणि डॉक्टरांपुढे उभे केले की हसू लागते. ही गाडीही गॅरेजात तासभर सुरळीत चालते आणि आपण पैसे देऊन घरी निघालो की वाटेत थांबते.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात जुनी गाडी आहे. नवीन घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते आणि कर्ज काढून घेणे सगळ्यांना पटत नाही. त्यातही मारुती ८०० अजून गावोगाव दिसते. १९८३ च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन, हलकी बांधणी, आणि जवळपास कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळणारे सुटे भाग. अब्बांनी घेतलेली १९९८ सालची गाडी आम्ही चिपळुणात आजही वापरतो. ती कार्बोरेटरची आहे. या महिन्याच्या लेखात तिचाच एक दुखणाईत हंगाम सांगतो, कारण त्यातून जे कळले ते दुसऱ्या गाड्यांनाही लागू पडते.

अम्मींच्या हृदयाच्या तपासणीसाठी दर महिन्याला कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जावे लागते. गाडी घाटातच बंद पडू लागली. एकदा वळणावर, मागे भरलेला ट्रक, आणि मागच्या सीटवर अम्मी तसबीह घेऊन बसलेल्या. हँडब्रेक ओढून, चाकामागे दगड लावून दहा मिनिटे थांबलो, गाडी सुरू झाली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. "बेटा, ही गाडी मला तपासणीला नेते की तपासणीच्या आधीच पोहोचवते?" असे त्या हसत म्हणाल्या खऱ्या; पण त्यानंतर दोन महिने त्यांनी "मला बरे वाटतेय, या वेळी राहू दे" म्हणून जायचेच टाळले. तेव्हा हा प्रश्न नुसता गाडीचा राहिला नाही.

शहरातल्या एका गॅरेजात तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला प्लग आणि इग्निशन कॉइल बदलली. दुसऱ्या खेपेला "कचरा आलाय" म्हणून कार्बोरेटर उघडून साफ केला आणि त्याचे किट घातले. तिसऱ्या खेपेला भंगारातल्या गाडीचा अख्खा कार्बोरेटर बसवला. तिन्ही मिळून सात हजार गेले. प्रत्येक वेळी आठवडाभर गाडी ठीक चालली, मग पुन्हा पहिले पाढे. कचरा आलाय हे निदान चुकीचे नव्हते. पण तो येतो कुठून, हे कोणी विचारले नाही. ताप आलाय म्हणून पट्ट्या ठेवायच्या आणि ताप कशाचा ते पाहायचेच नाही, तसे हे झाले.

शेवटी आम्ही आमच्या मोहल्ल्यातल्या एका वयस्क मिस्त्री चाचांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. आधी विचारले, "सर, बंद पडताना कशी पडते? चावी काढल्यासारखी, की दम लागल्यासारखी?"

या एका प्रश्नात अर्धे निदान आहे. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. दाब गेलेली गाडी दहा मिनिटांत बरी होत नाही, म्हणून अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीत तो बहुधा बाजूला ठेवता येतो. उरतात दोघे. ठिणगी तुटली तर गाडी एकदम मरते, कोणी चावी फिरवल्यासारखी. आधी काही कळत नाही. पेट्रोल कमी पडू लागले तर ती आधी झटके मारते, ओढ कमी होते, ॲक्सिलरेटर दाबला तर क्षणभर उसनी ताकद येते आणि मग ती हळूहळू बसते. पेट्रोल जास्त येत असेल तर काळा धूर, उग्र वास आणि ओले प्लग. आणि गाडी रस्त्यावर ठीक धावते पण सिग्नलला स्लोवर राहत नाही, असे असेल तर कार्बोरेटरचा स्लो जेट, त्याचा सोलेनॉइड किंवा कुठूनतरी हवा ओढणारी व्हॅक्यूमची नळी बघावी. सोलेनॉइड असलेल्या कार्बोरेटरमध्ये चावी चालू करताच बारीक 'टिक' ऐकू येते. ती येत नसेल तर आधी त्याच्या वायरीचे टोक पाहावे. पुष्कळदा ते नुसते सैल झालेले असते.

आमची गाडी दम लागल्यासारखी बंद पडत होती. चाचांनी दुसरे काम सांगितले: वही करा. मास्तरांना वही करायला सांगणे म्हणजे आवडीचे काम. तारीख, वेळ, निघाल्यापासून किती किलोमीटर, चढ की सपाट, टाकीत पेट्रोल किती, ऊन किती, किती वेळाने सुरू झाली, असे रकाने आखले. महिनाभरात सहा नोंदी झाल्या. त्यांतली एक जानेवारीतली, फजरनंतर लगेच निघालेलो असतानाची, अंगावर स्वेटर असतानाची. गावात मात्र एकदाही बंद पडली नव्हती. पंधरा-वीस किलोमीटर सलग धावल्यावर, विशेषतः चढावर, आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू.

जानेवारीच्या त्या एका नोंदीने एक मोठा संशयित सुटला. तो म्हणजे उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होणे, ज्याला मिस्त्री 'व्हेपर लॉक' म्हणतात. मे महिन्यात, दुपारी, गरम गाडी पाच मिनिटे उभी करून पुन्हा निघताना हा प्रकार होतो. इंजिनाच्या उष्णतेने पंपात आणि नळीत वाफ धरते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. पंपावर ओले फडके टाकून गाडी लगेच सुरू झाली तर हेच कारण समजावे, आणि पेट्रोलची नळी एग्झॉस्टला चिकटून तर जात नाही ना, ते बघावे. थंडीत पहाटे मात्र हा पाहुणा येत नाही.

आता रस्त्यावरच्या तपासण्या. गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच त्या कराव्या लागतात. सुरू झाल्यावर पुरावा नाहीसा होतो. म्हणून एक जुना चांगला प्लग, पक्कड, पाना आणि टॉर्च गाडीत ठेवले होते. पहिली तपासणी ठिणगीची, आणि ती पेट्रोलची कोणतीही नळी सोडण्याच्या आधीच. एका प्लगची वायर काढून जवळच्या जुन्या प्लगला लावायची, प्लगचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून तो रबरी मुठीच्या पकडीने धरायचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे. निळसर, जोरदार ठिणगी दिसली. म्हणजे बदललेली कॉइल गुन्हेगार नव्हती. हे इथे सांगायला हवे, कारण कॉइलसुद्धा गरम झाली की दगा देते आणि थंड झाली की सुधारते; लक्षण बाहेरून अगदी सारखे दिसते. जुन्या, पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सरही तसाच. ठिणगी बघितल्याशिवाय यांच्यात फरक करता येत नाही.

दुसरी तपासणी टाकीच्या झाकणाची. टाकीतून पेट्रोल कमी होते तेवढी हवा आत यावी लागते. ती वाट बुजली तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंप कितीही ओढो, पेट्रोल येत नाही. झाकण उघडताना 'सुस्स' असा हवा आत जाण्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर पाच पैशांचा खर्च नाही, नुसते छिद्र साफ करायचे. आमच्या गाडीत आवाज नव्हता आणि फरकही पडला नाही.

तिसरी तपासणी कार्बोरेटरच्या पोटाची. वरचा एअर फिल्टर काढून, इंजिन बंद असताना, कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारायचा आणि हाताने ॲक्सिलरेटरची तार ओढायची. आत पेट्रोल असेल तर बारीक धार उडते. आमच्याकडे काहीच उडाले नाही. आमच्या कार्बोरेटरला पातळी दिसण्याची गोल काचही आहे, तीही कोरडी. मात्र कोणी सेल्फ मारत असताना तोंड तिथे नेऊ नका. इंजिन उलटे फुरफुरले तर भुवया जातात, आणि भुवयाच गेल्या तर नशीबवान म्हणायचे.

म्हणजे ठिणगी आहे, पेट्रोल नाही. कार्बोरेटर एकदा साफ केला, एकदा बदलला, पण बिचाऱ्याला वरून पेट्रोल पोहोचतच नव्हते. आता प्रश्न इतकाच की टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेत ते कुठे अडते. वाट अशी: टाकी, तिच्यातल्या ओढनळीच्या टोकाची बारीक जाळी, गाडीखालून येणारी लोखंडी नळी, रबरी पाइप, फिल्टर, पंप, कार्बोरेटर. जुन्या ८०० चा पंप विजेचा नसतो. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरून हलणारा एक दांडा आतला रबरी पडदा वरखाली करतो. हा पडदा फाटला तर पंप कमी देतो, आणि कधी कधी पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक काढून वास घेतला की कळते. आमच्या ऑइलला वास नव्हता.

चाचांनी मग वाटेचे दोन तुकडे केले. पंपाला टाकीकडून येणारी नळी सोडली आणि तिच्या जागी एक छोटा पाइप लावून तो पेट्रोलच्या लहान कॅनमध्ये बुडवला. कॅन इंजिनापासून दूर, पक्का बांधून, बाजूला अग्निशामक. अशा अवस्थेत गाडी पाऊण तास जोरात चालवून ठेवली. रेस देऊनही ती एकदाही दमली नाही. पंप निर्दोष, कार्बोरेटर निर्दोष. दोष पंपाच्या मागे. ही युक्ती आम्हाला फार आवडली, कारण तिच्यात अंदाज नाही. रस्ता मधोमध तोडायचा, कोणत्या अर्ध्यात बिघाड आहे ते बघायचे, मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे. (हा प्रयोग मिस्त्रीच्या देखरेखीखालीच करावा, घरच्या अंगणात, मुले खेळत असताना मुळीच नाही.)

फिल्टर काढला तर तो चक्क स्वच्छ होता. आधीच्या गॅरेजने "फिल्टर साफ आहे, म्हणजे टाकी साफ आहे" असे आम्हाला सांगितले होते. ऐकायला बरोबर वाटते, पण उलट आहे: मोठा कचरा टाकीतल्या जाळीलाच अडकत असेल तर फिल्टर स्वच्छच दिसणार. रबरी पाइप तपासले. या बाजूला एक गंमत असते. पंप टाकीकडून ओढतो, त्यामुळे या पाइपला चीर गेली तर पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत येते. थेंब दिसत नाही म्हणून आपण पाइप चांगला समजतो. आमचे पाइप कडक झाले होते, पण फुटलेले नव्हते. तरी बदलले.

मग टाकीचे झाकण उघडे ठेवून, पंपाकडचे टोक मोकळे करून, नळीतून उलट दिशेने हवा मारली. आधी अडल्यासारखे झाले, मग टाकीत बुडबुड असा आवाज झाला. गाडी मस्त चालू लागली. चाचा म्हणाले, "खुश होऊ नका सर. आठ दिवसांनी याल." नवव्या दिवशी गेलो.

यावरून सगळी गोष्ट जुळली. टाकीच्या तळाशी गंजाचा चुरा होता. गाडी जोरात धावते, चढावर जास्त पेट्रोल मागते, तेव्हा ओढ वाढते आणि चुरा जाळीवर येऊन चिकटतो. हळूहळू जाळी बुजते, कार्बोरेटर रिकामा होतो, गाडी दमून थांबते. ओढ थांबली की चुरा जाळीवरून गळून पुन्हा तळाशी जातो, दहा मिनिटांत वाट मोकळी. गावात थोडेथोडे चालवताना चिकटायला वेळच मिळत नाही. आणि गॅरेजच्या प्रत्येक खेपेनंतर गाडी आठवडाभर का बरी वाटायची? ती तिथे दोन-तीन दिवस उभी राहायची, चुरा बसून जायचा, आणि परत आणल्यावर आम्ही ती गावातच फिरवायचो. नवीन कार्बोरेटरचा त्यात काही वाटा नव्हता.

टाकी उतरवली. पेट्रोल पांढऱ्या मलमलीतून गाळले तर चहापत्तीसारखा तपकिरी चुरा निघाला. त्याचे कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. २०२० च्या टाळेबंदीत गाडी कित्येक महिने अर्ध्या टाकीवर उभी होती. टाकीच्या मोकळ्या भागात कोकणातली दमट हवा, रात्री थंड पत्र्यावर तिचे पाणी, आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणातल्या असंख्य गाड्यांच्या टाक्यांत सरळ पाणीच गेले. आमची त्या दिवशी उंचावर होती, तरीही ही अवस्था. ज्यांची गाडी पुरात बुडाली होती त्यांनी टाकी आतून पाहून घेतली नसेल तर आता तरी घ्यावी.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही इथे संबंध येतो. आपल्या देशात २०२२ मध्ये १० टक्के मिश्रण गाठले गेले, २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आज ते सर्रास मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी ते स्वतःत सामावून ठेवते, पण मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होऊन तळाशी बसतात. नेमके तिथेच ओढनळीचे तोंड असते. शिवाय जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते किंवा तडकते. म्हणून पाइप बदलताना इथेनॉलला टिकणारे, इंधनासाठीचेच मागून घ्यावेत. साधा पाण्याचा पाइप कापून लावणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून मापनळी घेऊन आम्ही १० मिलिलिटर पाण्यात ९० मिलिलिटर पेट्रोल घातले, हलवले आणि ठेवून दिले. खालचा थर १० च्या रेषेवर न राहता बराच वर चढला. पेट्रोलमधले इथेनॉल पाण्याकडे निघून गेले होते. दहावीची मुले डोळे विस्फारून बघत होती.

टाकी धुण्याबाबत एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. रिकाम्या टाकीला कधीही वेल्डिंग करू देऊ नका, ती कोरडी दिसत असली तरी. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा असते, आणि ठिणगी पडताच ती फुटते. दुसरी गोष्ट, पाइप तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची आपल्याकडची सवय. घोटभर पेट्रोल श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते. असे कोणाचे झालेच, तर उलटी करवू नका, त्यात ते पुन्हा फुप्फुसात जाण्याची भीती असते. थेट दवाखाना गाठा. हातपंप बाजारात स्वस्तात मिळतो.

ज्यांची गाडी २००० नंतरची, एमपीएफआय आहे, त्यांच्यासाठी थोडेसे. तिथे पंप विजेचा, टाकीच्या आत. चावी चालू करताच मागून दोन-तीन सेकंद 'घूं' असा आवाज यायला हवा. गाडी बंद पडली की लगेच हा आवाज ऐका. नसेल तर फ्यूज, रिले किंवा पंप. हा पंप पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून शंभर-दोनशेचे पेट्रोल घालून नेहमी काट्यावर गाडी चालवणारे लोक पंप लवकर जाळतात. आवाज येतो पण गाडी एकदम मरते आणि थंड झाल्यावरच सुरू होते, तर क्रँक सेन्सर तपासायला सांगा. सुटे भाग बदलण्याआधी पेट्रोलचा दाब मोजणारे मीटर लावा, असा आग्रह धरा. मीटर नाही म्हणणारा मिस्त्री अंदाजाने तुमचे पैसे खर्च करणार, हे समजून घ्या.

पेट्रोलवर शंका असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा आणि ५ लिटरच्या मापाने मोजून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. पेपरवर थेंब टाकला की चांगले पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जाते. मागायला लाजू नये.

गाडी चालता चालता बंद पडलीच तर चावी पूर्ण मागे फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होते. ब्रेक बूस्टरच्या गाडीत इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदाच हलका ब्रेक लागतो, नंतर पेडल दगडासारखे होते. तेव्हा ते पुन्हा पुन्हा सोडून दाबू नका. एकदाच दाबून धरा आणि कडेला घ्या.

टाकी धुवून, नवी जाळी, नवे पाइप, नवा फिल्टर असे सगळे मिळून आम्हाला अडीच हजार रुपये लागले. अम्मी आता पुन्हा मागच्या सीटवर बसतात. टाकी कितीही धुतली तरी पत्र्याला धरून राहिलेला बारीक गंज पुढे काही दिवस सुटत राहतो, म्हणून पहिला फिल्टर ५०० किलोमीटरला आणि दुसरा त्यानंतर हजारला बदलायला चाचांनी सांगितले आहे. पहिला बदलला तेव्हा तो तळाशी तपकिरी होता, दुसरा जवळजवळ पांढरा निघाला. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवतो.